खजूरसाठी लुंगी

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता उपेंद्र घारपुरे आपल्या इमारतीच्या मागच्या रेताड जागेत उकिडवे बसले होते. अंगात ऑफिसची कडक इस्त्रीची पँट होती आणि हातात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. कोंबडीला हात लावण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असल्यामुळे तो तुकडा त्यांनी टिश्यूपेपरच्या चार घड्यांत धरला होता आणि तोंड दुसरीकडे केलं होतं. समोर सव्वीस पावलांवर, कुणीतरी टाकून दिलेल्या फ्रिजच्या खोक्याआड, एक तांबूस कुत्रा उभा होता. घारपुऱ्यांनी हात पुढे केला. कुत्र्याने शेपूट पायात घातली आणि तो डोंगराच्या दिशेने जो सुटला तो दिसेनासा झाला.

"बाबा, यू स्केअर्ड हिम अगेन," वरून बाल्कनीतून मिहिका म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तेवढं बोलली हेही नशीबच होतं. महिनाभरापूर्वी घारपुऱ्यांना कंपनीचं पत्र आलं होतं. अमिरातीतल्या फुजैऱ्याच्या तेलाच्या टर्मिनलवर कागदपत्रांचा विभाग सांभाळत त्यांनी बावीस वर्षं काढली होती. पत्रात त्या बावीस वर्षांबद्दल दोन ओळींत आभार होते आणि तीस जूनला करार संपत असल्याचं एका ओळीत कळवलं होतं. बायकोने, कुंदाने, पत्र वाचलं, घडी घातली आणि पुण्याच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूला फोन लावला. तेरा वर्षांची मिहिका मात्र फुजैऱ्यातच जन्मलेली. तिच्या लेखी पुणं म्हणजे दर दोन वर्षांनी पोट बिघडवून घ्यायला जायची जागा. तिने त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. मग आठवड्याने एकच अट घातली.

"आय ॲम नॉट गोइंग विदाउट खजूर."

खजूर म्हणजे तोच तांबूस कुत्रा. नाव मिहिकाचंच. वर्षभर ती शाळेतून आली की आधी त्याच्याकडे जायची. तो तिच्या बुटांवर हनुवटी टेकून झोपायचा, कुंदाच्या हातची पोळी खायचा, इमारतीतल्या बायकांच्या मागे मागे कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायचा.

"एवढंच ना?" घारपुरे म्हणाले होते. "कुत्र्याचे कागद करायचे. तीन देशांची जहाजं अडकली तर सोडवतो मी. हे काय!"

आयुष्यात त्यांनी इतक्या आनंदाने उच्चारलेलं आणि इतकं महागात पडलेलं वाक्य दुसरं नसेल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन फिरवले आणि काय काय लागेल त्याची यादी केली. इंजेक्शन, मालकाच्या नावाने नोंदणी, दीड महिन्याने पुन्हा इंजेक्शन, मग देशाबाहेर नेण्याचा दाखला. नोंदणी स्पॉन्सरच्या नावाने. आता घारपुऱ्यांच्या घरात कुंदाचा व्हिसा घारपुऱ्यांच्या नावावर, मिहिकाचा व्हिसा घारपुऱ्यांच्या नावावर, तेव्हा कुत्राही त्यांच्याच नावावर येणार हे उघड होतं. आणि नोंदणीला स्पॉन्सरने स्वतः कुत्रा धरून खिडकीसमोर उभं राहायचं. इमारतीतली झाडून सगळी माणसं ज्याला हात लावू शकत होती, त्या खजूरला जगात एकाच माणसाची धास्ती होती, आणि तो माणूस स्पॉन्सर होता.

त्यांनी पद्धतशीर प्रयत्न केले. सकाळी ऑफिसला जाताना, संध्याकाळी येताना, शुक्रवारी सुट्टी म्हणून दोन वेळा. बिस्किटं, अंडी, शेवटी कोंबडी. फाइलमध्ये तक्ता केला, त्यात तारीख, खाद्य आणि कुत्र्यापासूनचं अंतर पावलांत असे रकाने आखले. पंधरा दिवसांत अंतर वीस पावलांवरून सव्वीसवर गेलं.

तक्ता बघून कुंदा म्हणाली, "अहो, प्रगती आहे म्हणायची. उलट दिशेला."

इमारतीच्या तळमजल्यावर मोहिद्दीनचं कॅफेटेरिया होतं. मोहिद्दीन मंडणगडकडचा, घारपुऱ्यांच्याही आधी आलेला. तो हे सगळं चहा ओतता ओतता बघत होता. त्या शुक्रवारी कोंबडीचा तुकडा हातात तसाच धरून घारपुरे त्याच्या दारात आले.

"काय झाला साहेब? आज पण गेला?"

"मोहिद्दीन, मी काय वाईट माणूस आहे का रे?"

"माणूस चांगला हाय. पँट वाईट."

"पँट?"

"गेल्या साली गाडी घेऊन आलेले ना दोघं, कुत्रे पकडाया? ह्याच्या आईला नेली, दोन भावांना नेला. पँट न् बूट घालून आलेले. तवापासून हा पँटवाला दिसला की पळतो. माझ्याजवळ बघा कसा येतो. का? मी लुंगीत. बायका सलवारमधी. तुमची मुलगी स्कर्टमधी. अरबी लोक लांब झग्यात, कंदुऱ्यात. आख्ख्या बिल्डिंगमधी इस्त्रीची पँट घालून मागे फिरणारा एक तुमीच."

घारपुऱ्यांनी खाली आपल्या पँटीकडे बघितलं. बावीस वर्षांत या पँटीने त्यांना कुठेही अडवलं नव्हतं.

मोहिद्दीनने आतून आपली एक निळ्या चौकड्यांची लुंगी आणून दिली. तिला माशाच्या कालवणाचा आणि बिडीचा घमघमाट होता. "धुऊ नका," तो म्हणाला. "वास राहू द्या. यल्ला, नेसा."

घारपुऱ्यांनी ती फ्रिजच्या खोक्याआड नेसली. नेसता येत नव्हती, म्हणून पट्टा वरून बांधला. आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत खजूर दहा पावलांवर आला, पाचवर आला, लुंगीचा काठ हुंगला आणि त्यांच्या हातातली कोंबडी टिश्यूपेपरसकट खाऊन टाकली. त्याची ओली जीभ बोटांना लागली तेव्हा घारपुऱ्यांना एकदम काहीतरी झालं. महिनाभरात आपणहून त्यांच्याजवळ आलेला हा पहिलाच जीव होता.

वर बाल्कनीचं दार उघडं होतं. पण या वेळी ते कुणी लावून घेतलं नाही.

मेच्या सुरुवातीला खजूरला घेऊन ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. अर्थात लुंगीत. वर शर्ट, खिशाला पेन, बगलेत फाइल आणि खाली निळ्या चौकड्या. मोहिद्दीनने पिकअप चालवली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, खजूर घारपुऱ्यांच्या मांडीत तोंड खुपसून बसला, सगळं छान झालं. मग ते नोंदणीच्या खिडकीशी गेले.

खिडकीतल्या क्लार्कने पासपोर्टची प्रत बघितली. तिच्यावर टाय लावलेले, भांग पाडलेले उपेंद्र घारपुरे होते. त्याने मान वर करून समोर बघितलं.

"स्पॉन्सर किधर है?"

"मैं ही हूँ."

क्लार्कने खिडकीतून वाकून लुंगी पाहिली, वास घेतला आणि फोटोवर बोट ठेवून समजूतदारपणे विचारलं, "ये तुम्हारा अरबाब, मालिक है ना? तुम कुक है?"

"कुक नहीं! मैं डॉक्युमेंटेशन सुपरवायझर!"

"अरबाब को लाओ, हबीबी. कुक नहीं चलता."

बावीस वर्षं घारपुरे खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. माणसाचा चेहरा कागदाशी जुळला नाही तर आत कसं वाटतं ते त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना क्लार्कचा राग आला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. पिकअपमध्ये बॅगेत पँट होती. ते स्वच्छतागृहात गेले, पँट घातली, टाय लावला आणि फोटोशी अगदी हुबेहूब होऊन बाहेर आले.

खजूरने त्यांना पाहिलं. मोहिद्दीनच्या हातातली दोरी सुटली. दोन शेळ्या ओरडल्या, बुरखा घातलेला एक बहिरी ससाणा मालकाच्या मनगटावर फडफडला, ससाण्याचा मालक अरबीत जे बोलला ते फाइलला लावण्यासारखं नव्हतं. खजूर आवारातल्या शेळ्यांच्या पिकअपखाली शिरला आणि तिथून दीड तास हलला नाही. शेवटी घारपुऱ्यांनी पुन्हा लुंगी नेसली, चाकाशी पालथे पडले आणि हाका मारून मारून त्याला बाहेर काढलं.

क्लार्क खिडकीतून सगळं बघत होता. अरबाबची पँट घालून बघणारा कुक त्याने आज पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याने पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून कागद बाहेर सरकवला, पंचवीस जून.

"सेकंड टाइम अरबाब को साथ में लाना," तो म्हणाला.

 परत येताना खजूर पिकअपच्या मधल्या जागेत झोपला होता. पँटीत खजूर येत नाही आणि लुंगीत आपण स्पॉन्सर होत नाही, हे दोन कागद जोडता येत नाहीत, हे घारपुऱ्यांना कळून चुकलं होतं. तीस जून जवळ येत होता.

वाटेत मोहिद्दीन म्हणाला, "साहेब, एक करा. आतून पँट घाला, वरून लुंगी. आणि रोज चार बोटं वर."

"म्हणजे?"

"लुंगी रोज चार बोटं वर बांधा. आज घोटा दिसेल, परवा नडगी. त्याला कळायच्या आत तुमी पँटीत."

खरं तर दिवसाला एक बोटच जमलं. खजूरचं लक्ष फार बारीक होतं. पण घारपुऱ्यांनी नवा तक्ता केला, त्यात बोटांचा रकाना घातला, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता, बेचाळीस डिग्रीत, पँटीवर लुंगी नेसून ते खजूरला घेऊन इमारतीमागच्या कोरड्या वाडीत, म्हणजे आटलेल्या ओढ्याच्या पात्रात, फिरू लागले. फोटोशी जुळावं म्हणून गळ्यात टायही असे. मिहिका पहिले काही दिवस बाल्कनीतून बघायची. मग एकदा खाली आली आणि न बोलता बरोबरीने चालू लागली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, दॅट टाय डझन्ट गो विथ द लुंगी." घारपुऱ्यांनी त्या रात्री हे वाक्य कुंदाला दोनदा सांगितलं.

पण फुजैरा लहान गाव. मराठी मंडळात कुटुंबं मोजून अकरा, आणि त्या अकरांना पुरून उरेल इतकी विचारपूस करणारे प्रल्हाद कानिटकर. लुंगी गुडघ्याच्या जरा खाली आली होती त्या आठवड्यात कानिटकरांची गाडी वाडीशेजारून गेली. गेली, थांबली आणि मागे आली. कानिटकरांनी काच खाली केली. टाय, मासळीचा वास मारणारी लुंगी, हातात मोहिद्दीनच्या कॅफेटेरियाची पिशवी, तिच्यात हाडकं. त्यांनी काही विचारलं नाही. काच वर केली.

शुक्रवारी ते सपत्नीक घरी आले. हातात डबा होता.

"घारपुरे," कानिटकर सोफ्याच्या टोकावर बसत म्हणाले, "काम कुठलंही लहान नसतं."

"हो, नसतं."

"मोहिद्दीन माणूस चांगला आहे. पण तुमच्यासारख्या माणसाने हॉटेलात... निदान मंडळाला सांगायचं तरी! आम्ही काय मेलो होतो? ही साबुदाण्याची खिचडी आणलीय. आणि माझी एक पँट आणलीय, मला घट्ट होते."

कुंदाने पदर तोंडाला लावला. कानिटकरांच्या बायकोला वाटलं ती रडतेय, म्हणून त्याच रडायला लागल्या.

घारपुऱ्यांना खरं तर हसून सगळं सांगता आलं असतं. कुत्रा, स्पॉन्सर, लुंगी, बोटं. पण त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "नोकरी गेलीय हे खरं आहे, प्रल्हादराव. तीस जूनपर्यंतच. मी कुणाला सांगितलं नव्हतं." आणि मग ते थांबेनात. बावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद केले. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांची तारीख माझ्या वहीत. माझी तारीख मला दुसऱ्या कुणाच्या पत्रातून कळली. पुण्यात मला कुणी ओळखत नाही, गल्लीत आता कुठली बँक आहे ते मला माहीत नाही. मुलगी इथली आहे, तिला मी कुठे नेतोय ते मलाच कळत नाही. तिने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती गोष्ट माझ्या पँटीला घाबरते.

 कानिटकर उठले, ती पँट पुन्हा पिशवीत घातली आणि हळूच म्हणाले, "माझाही करार डिसेंबरपर्यंतच आहे, घारपुरे. तुमच्या वहिनींना अजून सांगितलेलं नाही." त्यांची बायको शेजारीच बसली होती. तो एक वेगळाच प्रसंग झाला, आणि तो इथे सांगण्यासारखा नाही.

मिहिका दाराशी उभी होती. कधीपासून कुणास ठाऊक. पाहुणे गेल्यावर ती बापाशेजारी येऊन बसली आणि खिचडीचा डबा उघडून दोघांनी तो संपवला.

जूनच्या वीस तारखेला लुंगी कमरेशी आली. आता ती फक्त एक गुंडाळी होती, कंबर दुखते म्हणून बांधल्यासारखी. एकवीसला घारपुऱ्यांनी ती काढली. खजूर थांबला. त्याने पँटीकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, घारपुऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्याचे पाय थरथरत होते हे त्यांना दिसत होतं. मग तो पुढे आला आणि इस्त्रीच्या पँटीला डोकं टेकून उभा राहिला. घारपुरे वाळूत बसले. पँट खराब झाली.

"बाबा, यू आर क्राइंग," मिहिका म्हणाली.

"घाम आहे तो. बेचाळीस डिग्री आहे."

पंचवीस तारखेला सगळी वरात दवाखान्यात गेली. मोहिद्दीन, कुंदा, मिहिका आणि पँट, टाय, भांग यांच्यासकट स्पॉन्सर. खजूरने दुसरं इंजेक्शन घेतलं आणि दोरी घारपुऱ्यांच्या हातात असताना तो खिडकीसमोर शांत उभा राहिला. क्लार्कने फोटो बघितला, माणूस बघितला आणि त्याचा चेहरा उजळला.

"माशाल्ला! आज अरबाब आया! वो कुक किधर है?"

"गाँव गया," घारपुरे म्हणाले. आज त्यांना कशाचंच काही वाटणार नव्हतं.

मूळ पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचा. तो दवाखान्यात पोचवायची चिठ्ठी त्यांनी आदल्या दिवशीच लिहिली होती. ऑफिसचा ड्रायव्हर पाकीट घेऊन वेळेवर आला. क्लार्कने पासपोर्ट काढला, व्हिसाचं पान उघडलं, आणि शिक्का उचललेला त्याचा हात हवेतच राहिला.

"ये तो कॅन्सल है."

"क्या?"

क्लार्कने पान फिरवून दाखवलं. व्हिसावर आडवा शिक्का होता, कालच्या तारखेचा. शाई अजून निळीशार होती.

घारपुऱ्यांना आठवलं. परवा संध्याकाळी टेबलावर जाणाऱ्या लोकांच्या पासपोर्टची चळत होती, अकरा जणांची. त्यांनी आयुष्यात टेबलावर कागद ठेवून घर गाठलं नव्हतं. एकेक पासपोर्ट उचलला, नाव न बघता आद्याक्षरं टाकली आणि व्हिसा रद्द करायला पाठवून दिला. अकरांत एक त्यांचा होता. व्हिसा सर्वांत शेवटी रद्द करायचा, आधी गाडी विका, फोन बंद करा, मग व्हिसा, हे त्यांनी हजार माणसांना सांगितलं होतं. चालत्या ऑफिसात इतक्या व्यवस्थितपणे स्वतःला कुणी काढून टाकलं नसेल.

"परत होत नाही का हो?" कुंदाने विचारलं.

घारपुऱ्यांनी नुसती मान हलवली. हा प्रश्न बावीस वर्षं लोक त्यांनाच विचारत आले होते.

क्लार्क आता खरंच हळहळला. "कॅन्सल आदमी का कुत्ता नहीं हो सकता, सर. दाखला भी नहीं. कोई और स्पॉन्सर है तो उसके नाम पे लिख देता हूँ, नहीं तो इसको हम रखेगा." 'हम रखेगा' म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

मोहिद्दीन पुढे झाला. त्याने लुंगीच्या कनवटीतून आपलं कार्ड काढून खिडकीत ठेवलं. "मेरे नाम पे लिखो." मग घारपुऱ्यांकडे न बघता म्हणाला, "साहेब, माझा व्हिसा तीन साल हाय अजून. तवर बघतो मी."

मिहिकाकडे बघायला कुणी धजत नव्हतं. विमानाची तिकिटं चार दिवसांनंतरची होती. ती आता काय करेल, किंचाळेल, खिडकीवर डोकं आपटेल, पुन्हा बोलणं टाकेल, या भीतीने घारपुऱ्यांनी दोरी हाताला दोनदा गुंडाळली होती. मिहिका खाली बसली, खजूरचे कान दोन्ही हातांनी धरले आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "ही वॉज बॉर्न हिअर. मी पण. ॲटलीस्ट वन ऑफ अस गेट्स टु स्टे."

कुंदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"पेपर दो," क्लार्क म्हणाला. "पुराना मालिक का नो ऑब्जेक्शन. हाथ से लिखो, चलेगा."

घारपुऱ्यांनी कोरा कागद घेतला, पेन काढलं. अशी पत्रं त्यांनी इतकी लिहिली होती की हात झोपेत लिहील. पण पेन तारखेच्या पुढे जाईना. खजूर त्यांच्या पँटीला टेकून बसला होता आणि त्याचं सगळं वजन त्यांच्या पायावर होतं.

"दे, बाबा." मिहिकाने कागद ओढून घेतला आणि शाळेच्या गोल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं की, मी, उपेंद्र घारपुरे, लिहून देतो, खजूर नावाचा कुत्रा श्री. मोहिद्दीन यांच्याकडे राहण्यास माझी काहीही हरकत नाही. मग बापाच्या हातात पेन दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

क्लार्कने पासपोर्टवरची सही बघितली, कागदावरची बघितली, आणि कागद खिडकीतून परत बाहेर सरकवला.

"सॉरी, सर. सिग्नेचर सेम नहीं है. फिर से करो."

घारपुऱ्यांनी पुन्हा सही केली. तीही जुळली नाही.